पायाचं हाड पायातच राहिलं

कोल्हापुरात कुणाच्या गालाखाली टाक्यांची रेघ दिसली की लोक आधी तंबाखूचा हिशेब मांडतात. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत मला पहिला प्रश्न आला तो हाच. "बाई, मिश्री लावत हुतासा काय ओ?" विचारणारीच्या आवाजात खरी काळजी होती, म्हणून रागावले नाही. पण मी जन्मात मिश्री लावलेली नाही. जबड्याचा तुकडा काढावा लागला तो कर्करोगामुळं नव्हे, हाडं बळकट करायच्या औषधामुळं, असं सांगितलं की समोरच्याला ते पटत नाही. मग पहिल्यापासून सांगावं लागतं. तेच एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माझं वय 77. शाळेत इतिहास शिकवायची. पन्नाशीनंतर आमवात लागला, बोटं वाकडी झाली, आणि त्याबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या. स्टेरॉइडनं सांधे चालू ठेवले, पण हाडं पोखरली. एकदा पाण्याची घागर उचलताना कण्यातला मणका दबला. तेव्हापासून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिडचं 5 मिलिग्रॅमचं सलाईन सुरू झालं. हाताला सुई, पंधरावीस मिनिटं पडून राहायचं, रात्री थोडी कणकण, की वर्षभर सुट्टी.

हे औषध मी वाईट म्हणणार नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या वर्षातून एकदाच्या सलाईननं तीन वर्षांत मणके दबण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी आणि खुब्याचं हाड मोडण्याचं 41 टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हातारपणी खुबा मोडला की काय होतं ते आमच्या पेठेत घरटी एक उदाहरण देऊन सांगता येईल. जबड्याचा हा त्रास हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध घेणाऱ्या दहा हजारांत दोन ते पाच जणांना होतो. कर्करोग हाडांत पसरलेल्यांना हेच औषध 4 मिलिग्रॅमच्या मात्रेत पण महिन्या-महिन्याला देतात, त्यांच्यात तो बराच जास्त दिसतो. मी दहा हजारांतल्या त्या दोन-पाचांत निघाले. आमवात आणि स्टेरॉइड सोबतीला होतेच.

हे घडतं कसं, तर हाडात जुनं काढून नवं भरण्याचं काम आयुष्यभर चालू असतं. काढणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. औषध काढणाऱ्यांना थोपवतं, म्हणून हाड टिकतं. पण चावण्याच्या ताणामुळं जबड्यात ही उलाढाल जास्त, वर हिरडीचं पातळ पांघरूण, आणि तोंड म्हणजे जंतूंचं माहेर. तिथं दाताखाली पू झाला, हाडाचा थोडा भाग मेला, आणि पाडकाम करणारे कामगारच संपावर असले, तर तो मलबा उचलणार कोण? शिवाय हे औषध हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं. आज बंद केलं म्हणून उद्या उतरत नाही.

डाव्या बाजूची खालची दाढ हलत होती, खाली पू होता. ती काढावीच लागली असती, त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. दात काढण्याआधी रक्तदाब विचारतात, साखर विचारतात, रक्त पातळ करायची गोळी विचारतात, आणि आपण गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करतो. वर्षातून एकदा सलाईनमधून जाणारं औषध त्या पिशवीत नसतं. ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पिशवीतच ठेवावं, एवढं कुणालाही सांगेन.

दाढेची जागा भरलीच नाही. जिभेला काहीतरी खरखरीत लागायचं, मासळीचा काटा अडकल्यासारखं वाटायचं. तो काटा म्हणजे माझंच हाड होतं. आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं, रुग्णानं असं औषध घेतलेलं असलं आणि जबड्याला किरणांचे उपचार झालेले नसले, की या आजाराचं निदान करतात. औषधानं झालेला जबड्याचा हाडमृत्यू, असं त्याचं लांबलचक नाव. वैद्यकात त्याची पहिली नोंद 2003 ची. सर्जन म्हणाले, याचा एक जुना भाऊबंद आहे, तुम्ही इतिहासाच्या, तुम्हाला माहीत असेल. काड्यापेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनं कामगारांचे जबडे असेच सडायचे. लंडनच्या काडीकामगार मुलींचा 1888 चा संप मला ठाऊक होता, त्या फॉस्फरसवर बंदी आणणारा 1906 चा बर्न करारही ऐकून होते. पण तो फॉस्फरस आणि माझं सलाईन रसायनाच्या नात्यात आहेत, हे या वयात तोंड उघडून खुर्चीत पडल्यावर कळायचं होतं.

गुळण्या, प्रतिजैविकं, मऊ जेवण यांवर बरेच दिवस काढले. मग हनुवटीच्या खाली डावीकडं गळू आलं, फुटलं, आणि तिथून पू वाहायला लागला. पदराला त्याचा वास लागायचा. हळदीकुंकवाला जाणं मी आपणहून बंद केलं. एका रात्री आमटीत भिजवलेली भाकरी चघळताना कट् असा आवाज झाला. सुनेनंही ऐकला. स्कॅनमध्ये दिसलं, सडलेल्या जागी जबडा मोडला होता. आजाराची ही शेवटची, तिसरी पायरी.

आधी तुकडा तपासायला पाठवला, कारण कर्करोग नाही याची खात्री हवी होती. अहवालात मेलेलं हाड आणि त्यात अॅक्टिनोमायसिस नावाच्या जंतूंच्या वसाहती आल्या. मुलगा पुण्याहून आला होता, तो अहवाल वाचून खुर्चीत बसकण मारून रडला. मला मात्र त्या क्षणी पू थांबणार का, एवढंच विचारायचं होतं.

मग खरी चर्चा सुरू झाली. मेलेला भाग काढायचा, यात दुमत नव्हतं. काढल्यावर मधल्या पोकळीत काय घालायचं, यावर सगळं अडलं. सर्जननी कागदावर जबडा काढून दाखवला. सगळ्यात उत्तम म्हणतात तो उपाय म्हणजे पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिनीसकट काढायचं, जबड्याच्या आकारात कापून बसवायचं आणि ती रक्तवाहिनी गळ्यातल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. हाड जिवंत राहतं, पुढं त्यात दातही रोवता येतात. घोट्याजवळ आणि गुडघ्याजवळ थोडं हाड ठेवतात, त्यामुळं चालता येतं. पण आठ-दहा तासांचं काम, आणि नंतर तासातासाला तपासायचं की जोडलेल्या भागात रक्त फिरतंय का. दुसरा उपाय टायटॅनियमच्या जाड पट्टीचा. दोन्ही टोकांचं चांगलं हाड पट्टीनं जोडायचं आणि वर छातीतल्या स्नायूचं पांघरूण घालायचं. वेळ निम्म्याहून कमी. पण पट्टी ती पट्टीच, कधी हिरडीतून किंवा कातडीतून उघडी पडते, ठिसूळ हाडातले स्क्रू सैल होतात, आणि त्या बाजूला कवळी बसत नाही.

मुलगा लगेच म्हणाला, "जे सगळ्यात चांगलं तेच करा डॉक्टर, पैशाचं बघू." सत्तरीच्या पुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड आम्ही काढलं होतं. कार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नये. रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमकी ही शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी विचारावं. असो.

सर्जननी मुलाला थांबवलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, ऑपरेशननंतर तुम्हाला काय काय करता यायला हवं?" इतक्या महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं: पू आणि वास जावा. दुखणं थांबावं. संडासला माझी मी जावी. फोनवर बोललेलं बहिणीला कळावं. चावायचं काय? वरचे दात केव्हाच गेलेत, खाली पुढचे चार-पाच उरलेत, मी मऊ खाऊन जगेन. त्यांनी हे सगळं केसपेपरवर लिहून घेतलं.

वय हे नकाराचं कारण नव्हतं, हे आवर्जून लिहिते. ऐंशीच्या पुढच्यांचीही अशी जोडणी होते, असं त्यांनीच सांगितलं. वयापेक्षा शरीर किती खंगलंय हे मोजायचं असतं. ते मोजलं भुलीच्या डॉक्टरांनी. तरुण बाई, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मला वॉर्डाच्या बोळात चार मीटर चालायला लावलं, हातात घड्याळ. पाच सेकंदांच्या वर गेलं की चाल मंद धरतात. माझी फारच वर गेली. मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा. तिसऱ्यांदा मी हात टेकला. "आजी, चिटिंग," त्या म्हणाल्या. शाळेत मी हाच शब्द दुसऱ्यांना वापरायची. एक ते नऊ अशा मापात त्यांनी मला पाच दिले. मार्क जितके जास्त तितकी अवस्था वाईट, अशी ही परीक्षा.

आमवात मानेच्या वरच्या दोन मणक्यांतही शिरतो, आणि भूल देताना मान मागं वाकवली तर मज्जारज्जूला धोका असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मान पुढं-मागं करून एक्स-रे काढले. पायांच्या रक्तवाहिन्यांचं सीटी अँजिओ झालं आणि निर्णय बराचसा तिथंच लागला. पावलाला जाणाऱ्या तीन वाहिन्यांपैकी दोन माझ्या डाव्या पायात जवळजवळ बंद निघाल्या, उजव्यातही तीच तऱ्हा. पाऊल जगत होतं ते फिब्युलाला चिकटून जाणाऱ्या तिसऱ्या वाहिनीवर. तीच काढून जबड्याला दिली असती तर पाय गेला असता. खांद्याच्या फऱ्याच्या कडेचं हाड घेता येतं, तिथल्या वाहिन्या सहसा अशा बुजत नाहीत आणि रुग्ण लवकर चालतोही, हा पर्याय सर्जननी ठेवला. पण वेळ तेवढाच लांब. मी पट्टी निवडली. मुलाला वाटलं, मी पैशाचा विचार करतेय. मी त्याला केसपेपरवरची माझी यादी दाखवली.

ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवलं. मधला काळ वाट बघण्याचा नव्हता, आणि माझ्या मते अर्धा उपचार त्या काळातच झाला. वजन 42 किलो, रक्त कमी, प्रथिनं कमी. आहारतज्ज्ञांनी किलोमागं सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनांचा हिशेब दिला, म्हणजे दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम, तेही मोडक्या जबड्यानं, सगळं पातळ. सून पहाटे उठून मुगाचं कढण गाळायची. दुधात प्रथिनांची पावडर, नाचणीची पेज, कच्चट वाटू नये म्हणून जिरं घालून अंड्याचं सूप. आणि कोल्हापुरात राहून एक सोय झाली, पांढरा रस्सा. मटण शिजवलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-काजूची पेस्ट, तिखट जवळजवळ नाही. बारीक गाळणीतून गाळला की पेल्यानं पिता येतो. आहारतज्ज्ञ मूळच्या इथल्या नव्हत्या, त्यांनी घटकांची यादी वाचली आणि मीठ बघा म्हणून परवानगी दिली. फराळाच्या डब्यांकडं मात्र नुसतं बघायचं. जोडीला रोज दोन वेळा खुर्चीतून उठबस. ऑपरेशनच्या आधी हात न टेकता पाच पूर्ण झाल्या, तेव्हा भुलीच्या डॉक्टरांनी टाळी दिली.

आदल्या आठवड्यात सर्जननी एक पांढरी वस्तू हातात दिली. माझ्या स्कॅनवरून यंत्रानं छापलेला माझा जबडा, अगदी खऱ्या मापाचा. डाव्या बाजूला मोड, कुरतडलेली कड. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं ते या एवढ्याशा हाडावर! उंची एका बोटाइतकीही राहिली नव्हती. पट्टी त्यावर आधीच वाकवून घेतात, म्हणजे टेबलावरचा वेळ वाचतो. मी पट्टी लावून बघितली, आकार बरोबर बसला. सुनेला ते बघवेना, ती बाहेर गेली. मला मात्र ती वस्तू खाली ठेववेना.

आधीचे काही दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या फक्त जंतूंसाठी नव्हत्या. ते औषध जिवंत हाडात उतरतं, आणि विशिष्ट निळ्या उजेडात तेवढं हाड हिरवट चमकतं. मेलेलं काळपट राहतं. कुठवर कापायचं ते त्यावरून ठरवायला मदत होते. नंतर मोबाइलवर फोटो दाखवला, हिरवी कड आणि मध्ये काळा पट्टा.

ऑपरेशनचं मला आठवतं ते फक्त नळीचं. मान वाकवायची नव्हती म्हणून जागेपणी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घातली. आधी नाकात आणि घशात बधिर करायचे फवारे. ठसका येतो, जीव गुदमरतोय असं वाटतं, पण डॉक्टरांचा हात खांद्यावर होता आणि त्या प्रत्येक पायरी आधी सांगत होत्या. पुढचं दुसऱ्यांनी सांगितलेलं: मेलेला भाग काढला, दोन्ही टोकांना रक्त येईपर्यंत गेले, पट्टी बसली, छातीतला स्नायू गळपट्टीच्या हाडावरून वर आणून पट्टीभोवती आणि तोंडाच्या आतून शिवला. जास्तीचं स्टेरॉइड शिरेतून द्यावं लागलं, कारण रोज गोळी घेणाऱ्याचं शरीर अशा ताणाला स्वतःचं पुरेसं बनवू शकत नाही.

अतिदक्षता विभागात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हाताऱ्यांना मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, हे आधी सांगितलं होतं, पण भ्रमात असताना ते आठवत थोडंच? मला वाटलं मी महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर आहे आणि गाडी मिरजेत उभी आहे. तोंडात नीट शब्द येत नव्हते, म्हणून पाटीवर लिहून सिस्टरला विचारलं, गाडी का सुटत नाही. ती म्हणाली, "आजी, मिरज कधीच गेली, झोपा." त्यावर मी तिला उद्धटपणाबद्दल वर्गाबाहेर उभं केलं, असं सून सांगते. नाकातली नळी एकदा उपसून काढली. शेवटी भुलीच्या डॉक्टरांनी माझा चष्मा आणि कानातलं यंत्र मागवून घेतलं, पलंग खिडकीशी नेला, दिवसा झोपू देऊ नका म्हणून सांगितलं. सुनेनं फोनवर अंबाबाईचा नोव्हेंबरातला किरणोत्सव दाखवला. उन्हं कुठवर आली ते मला स्पष्ट दिसलं, आज तारीख काय तेही मी बरोबर लिहिलं. तेव्हापासून गाडी रुळावर.

नळीतून अन्न द्यायचं तर माणूस टेकून बसलेला हवा, नंतरही थोडा वेळ बसलेला हवा, आणि दर वेळी पाण्यानं नळी धुवायची, नाहीतर पेज सुकून नळी बंद पडते. घरी आल्यावर हे सगळं सुनेनं केलं. तिचे आभार मानले की ती विषय बदलते, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता पू नाही. वास नाही. खालचा ओठ डावीकडं बधिर आहे, चहा ओघळला तर कळत नाही, रुमाल हातातच असतो. गळपट्टीवर स्नायूचा उंचवटा होता तो हळूहळू ओसरतोय. खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम चालू आहे. 'प' आणि 'ब' फोनवर सारखेच ऐकू येतात, बहीण अंदाजानं ओळखते. अॅक्टिनोमायसिससाठी पेनिसिलिनच्या जातीचं औषध बरेच महिने घ्यावं लागलं. झोलेड्रोनिक बंद झालं, त्याऐवजी टेरिपॅराटाइडचं 20 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन रोज पोटाला, पेनासारख्या उपकरणानं, माझं मीच घेते. हे नवं हाड भरणाऱ्या पेशींना कामाला लावतं. सहसा दोन वर्षांहून जास्त देत नाहीत. सगळ्यांना चालतंही नाही, हाडांना किरणोपचार झालेल्यांना किंवा हाडांत कर्करोग असलेल्यांना ते देत नाहीत.

गल्लीतल्या एकीनं माझी गोष्ट ऐकून तिचं दर सहा महिन्यांनी घ्यायचं, हाडांसाठीचंच डेनोसुमॅबचं इंजेक्शन परस्पर बंद करायचं ठरवलं होतं. तिला घरी बोलावून खडसावलं. ते इंजेक्शन मध्येच सोडलं आणि दुसरं औषध दिलं नाही, तर हाडांची झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. दात दाखव, डॉक्टरांशी बोल, मग काय ते कर, म्हटलं. ती दोन्हीकडं जाऊन आली. तिची एक दाढ किडलेली निघाली, मुळाचे उपचार करून वाचवली.

मागच्या ओपीजीत, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेत, पट्टी जागेवर होती. मागच्या टोकाच्या एका स्क्रूभोवती बारीक काळी कड दिसते, तिच्यावर लक्ष ठेवायचं आहे. पट्टी पुढं उघडी पडली तर ती काढता येईल, हनुवटी थोडी डावीकडं ओढली जाईल, मऊ खाणं चालूच राहील, असं सर्जननी समजावलं. चालेल, म्हटलं. वरची कवळी तेवढी करून घेतेय, चावायला नाही, नातवाच्या मुंजीतल्या फोटोसाठी. माप देऊन आले, पुढच्या आठवड्यात मेणाची कवळी बसवून बघायची आहे.